वहीबाहेर राहिलेली नावे

इतिहासाच्या ग्रंथांत राजाला जागा मिळते, सेनापतीला मिळते, साधुसंतांना मिळते. व्यापाऱ्याला जागा मिळते ती बहुधा दोनच प्रसंगी. एक, त्याने सत्ताधाऱ्याला कर्ज दिले असेल तेव्हा. आणि दुसरे, त्याचे घर लुटले गेले असेल तेव्हा. ज्याने चाळीस-पन्नास वर्षे पेढी चालविली, देशोदेशी आडते ठेवले, ज्याच्या हुंडीचा शब्द आग्र्यापासून गोवळकोंड्यापर्यंत चालला, त्याची ती सारी वर्षे एका ओळीतही सांगितली जात नाहीत. आणि ज्या चार दिवसांत त्याची वखार फुटली ते चार दिवस मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात.

सुरतेत राहून मराठी बोलणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट विशेष जाणवते. ज्या बमरोलीत आमचा धान्याचा घाऊक व्यापार चालतो ती आज सुरत शहराचाच एक भाग झाली आहे. यंत्रमागांच्या या परिसरात धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या मुलांना शिवछत्रपतींचे चरित्र ठाऊक असते आणि 'सुरतेची लूट' हे प्रकरण तर तोंडपाठ असते. परंतु त्या वेळी सुरतेत राहत होते ते कोण, त्यांनी ती संपत्ती कोणत्या मार्गाने जोडली आणि लुटीनंतर त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न मुलेही विचारीत नाहीत व वडीलधारेही सांगत नाहीत. सांगणार तरी कसे? आपणांपैकी बहुतेकांना त्यांची नावेही ठाऊक नाहीत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सुरतेच्या तीन व्यापाऱ्यांची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्ही योजिले आहे. यांपैकी एक जैन होता. उरलेले दोघे पारेख आडनावाचे, सुरतेच्या वाणी समाजातले होते. तिघेही सतराव्या शतकातले, तिघेही कर्तबगार, आणि तिघेही आज विस्मृतीत गेलेले.

तेव्हाची सुरत

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील मुख्य बंदर होते. मक्केच्या यात्रेला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास येथे आपली वखार घातली आणि डचही त्यानंतर लवकरच आले. मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या धक्क्याला लागत आणि तेथून माल लहान होड्यांनी व बैलगाड्यांनी शहरात येई. मलबारची मिरी, पूर्वेकडील बेटांची लवंग, आफ्रिकेचे हस्तिदंत, युरोपातले पोवळे, शिसे व चांदी हा माल येथे उतरे; गुजरातचे कापड आणि आग्र्याजवळील बयान्याची नीळ येथून बाहेर जाई.

उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारा एक मोठा मार्ग बुऱ्हाणपुरावरून जात असे, आणि तो आपल्याच ओळखीच्या गावांवरून होता. बारडोली, नवापूर, नंदुरबार, चोपडे असे मुक्काम करीत सार्थवाह बुऱ्हाणपूर गाठीत. तावेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने या मार्गाचे वर्णन करताना नवापूरच्या तांदळाची विशेष वाखाणणी केली आहे. त्याचा दाणा बारीक, रंग शुभ्र आणि वास कस्तुरीसारखा असतो असे तो सांगतो. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्याला हा मजकूर वाचून आनंद वाटल्यावाचून राहत नाही. खानदेश आणि सुरत यांचा व्यवहार रेल्वेने किंवा ट्रकने सुरू झालेला नाही. तो त्या काळातही जोरात चालू होता.

वीरजी व्होरा

या सुरतेतला सर्वांत मोठा व्यापारी वीरजी व्होरा. त्याचा जन्म सुमारे १५९० चा मानला जातो. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याचे नाव १६१९ पासून आढळते आणि पुढे पन्नास वर्षे ते सतत येत राहते. तो लोंकागच्छाचा अनुयायी असून सुरतेच्या जैन संघात त्याला मोठा मान होता. स्थानकवासी परंपरेत ज्या लवजी ऋषींचे नाव आदराने घेतले जाते ते त्याच्या फुलाबाई नामक कन्येचे पुत्र म्हणून वाढले, असे जैन परंपरा सांगते.

एवढा मोठा मनुष्य मराठी वाचकाला अपरिचित का राहिला? याचे एक कारण त्याच्या नावातच आहे. परकीयांनी आपापल्या कानांना ऐकू आले तसे त्याचे नाव लिहिले. त्यातूनच इंग्रजी इतिहासग्रंथांत आणि त्यांच्या आधाराने काही मराठी पुस्तकांत 'बहरजी बोहरा' असे रूप रूढ झाले. साहजिकच वाचकाचा समज होतो की हा कोणी दाऊदी बोहरा मुसलमान असावा. वस्तुतः 'व्होरा' आणि 'बोहरा' हे दोन्ही शब्द व्यापार करणे या अर्थाच्या एकाच गुजराती धातूपासून आलेले मानतात. जैनांतही ते आडनाव आहे. एका अक्षराच्या फरकाने माणसाचा धर्मच बदलून गेला आणि तीनशे वर्षांनंतर त्याच्या जातभाईंनाही तो आपला आहे हे ओळखता येईनासे झाले.

वीरजीच्या पेढ्या अथवा आडते अहमदाबाद, भडोच, बडोदे, बुऱ्हाणपूर, आग्रा, गोवळकोंडा आणि मलबार किनारा या ठिकाणी होते. इराणचे आखात, तांबडा समुद्र आणि पूर्वेकडील बेटे येथेही त्याचा माल जाई. त्याची व्यापाराची रीत एका प्रसंगावरून ध्यानात येईल. १६२५ साली सुमारे १०,००० रुपयांची मिरी त्याच्या हाती होती. इंग्रजांना मिरी हवी होती, पण वीरजीने चढा भाव सांगितला आणि त्याबरोबर त्यांच्याजवळच्या पोवळ्यांच्या पेट्याही मागितल्या. इंग्रजांना हे जड वाटले. त्यांनी दख्खनमध्ये परस्पर खरेदी करण्याचे ठरविले. वीरजीला याची वार्ता लागली आणि इंग्रजांचे काम होण्यापूर्वीच त्याच्या आडत्यांनी तेथे अधिक भाव देऊन मिरी उचलली. अखेरीस इंग्रजांना त्याच्याच ओटीवर येणे भाग पडले. इतर व्यापारी त्याच्या विरुद्ध बोली लावण्यास धजत नाहीत, अशी तक्रार इंग्रज आपल्या पत्रांतून करीत.

ही रीत सर्वस्वी अनुकरणीय होती असे आमचे म्हणणे नाही. सगळा माल एका हाती घेऊन भाव आपल्या मर्जीने ठरविणे हे मिरी आणि पोवळे यांत चालून गेले. कारण त्यांच्यावाचून कोणाची चूल अडत नाही. धान्याच्या व्यापारात हा मार्ग पत्करणे म्हणजे उपाशी माणसाच्या ताटावर हात घालणे होय, आणि अपरिग्रहाचे व्रत ऐकत वाढलेल्या समाजाला ते शोभणारे नाही. परंतु दूरवरच्या बाजारातील बातमी प्रतिस्पर्ध्याच्या आधी मिळविणे आणि आडत्याने मालकाच्या शब्दावर विश्वासून ताबडतोब खरेदी करणे, या दोन गोष्टी त्या काळी, तारायंत्र नसताना, साध्य करणाऱ्या माणसाची बुद्धी असामान्य होती हे मान्य करावेच लागेल.

कर्ज आणि पत

वीरजीचा खरा प्रभाव दिसतो तो सावकारीत. इंग्रज कंपनीचे नाव पुढे फार मोठे झाले. त्यामुळे आपला असा ग्रह होतो की ती प्रथमपासूनच गडगंज होती. वस्तुस्थिती निराळी होती. विलायतेहून येणारी चांदी पुरत नसे आणि खरेदीचा हंगाम मात्र जहाजांची वाट पाहत थांबत नसे. अशा वेळी कंपनीचे अधिकारी सुरतेच्या शेठ-सावकारांकडे जात आणि त्यांत पहिले दार वीरजीचे असे. व्याज साधारणतः दरमहा शेकडा एक ते दीड रुपया पडे.

१६३० साली आग्र्यात कंपनीला वीरजीकडून ५०,००० रुपये मिळाले. सुरतेच्या व्यापाऱ्याने आग्र्यात पैसे कसे दिले, हे तरुण वाचकांसाठी स्पष्ट केले पाहिजे. नाणी बैलांवर लादून महिना-दीड महिन्याच्या चोरवाटांनी पाठवावयाची नसत. सुरतेच्या पेढीवर एक कागद लिहिला जाई, त्यावर विशिष्ट मुदतीनंतर अमुक रक्कम अमुक इसमास द्यावी असे नमूद असे, आणि आग्र्याचा आडत्या तो कागद पाहून रोख मोजून देई. हीच हुंडी. हुंडीत कागदाची किंमत कवडीचीही नसते. किंमत असते ती लिहिणाऱ्याच्या नावाची. म्हणजे वीरजी इंग्रजांना जे देत होता ते केवळ रुपये नव्हते. आपले नाव तो त्यांना वापरावयास देत होता.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. संवत् १६८७ मधला म्हणून गुजरातेत तो 'सत्याशिया' या नावाने ओळखला जातो. विणकर मेले किंवा परागंदा झाले, कापड मिळेनासे झाले, आणि वखारींचा व्यवहार विस्कळीत झाला. पुढील दहा वर्षे कंपनी कर्जात रुतलेली होती. १६४२ साली सुरतेच्या इंग्रजांनी नोंद केली आहे की कंपनीच्या पतीविषयी बाजारात शंका उत्पन्न झाली असता वीरजीने एक लक्ष रुपये कर्जाऊ दिले आणि ती शंका दूर केली. शिवाय अहमदाबादेस आणखी एक लक्ष दिले. त्याला ते आपला जुना स्नेही म्हणतात. ज्या कंपनीने पुढे अवघा देश घेतला तिची बाजारातील अब्रू एके काळी सुरतेच्या एका जैन व्यापाऱ्याच्या शब्दावर टिकून होती.

एवढे असूनही सत्तेपुढे व्यापारी किती असहाय असे, याचाही दाखला वीरजीच्याच चरित्रात आहे. १६३८ साली सुरतेच्या मोगल हाकिमाने त्याच्यावर आरोप ठेवून त्याला कैदेत टाकले. प्रकरण बादशहा शाहजहानपर्यंत गेले. बादशहाने वीरजीला मुक्त केले आणि हाकिमाला पदावरून दूर केले. न्याय मिळाला हे खरे, पण त्यासाठी आधी बेडी सोसावी लागली.

जानेवारी १६६४

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे येऊ. १६६० ते १६६३ ही तीन वर्षे शाएस्तेखानाने पुणे प्रांतात तळ ठोकून मुलूख उद्ध्वस्त केला होता. त्याची भरपाई मोगलांच्याच खजिन्यातून करून घ्यावी, या हेतूने शिवाजी महाराज ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेवर आले. शहराला तेव्हा पक्का कोट नव्हता. महाराजांनी आधी निरोप पाठविला होता की, हाकिम इनायतखान आणि शहरातील तीन बडे व्यापारी यांनी समक्ष येऊन खंडणीचा ठराव करावा. हाजी सय्यद बेग, हाजी कासीम आणि आपला वीरजी हे ते तीन व्यापारी. इनायतखानाने उत्तर दिले नाही. ज्या शहराच्या रक्षणासाठी तो पगार घेत होता ते वाऱ्यावर सोडून तो किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांनी व डचांनी आपापल्या वखारी बंद करून बंदुका रोखल्या. शहरातले व्यापारी मात्र उघड्यावर राहिले.

वीरजीचा वाडा डच वखारीजवळ होता. तो रात्रंदिवस लुटला गेला, जमीन खणली गेली आणि शेवटी त्याला आग लागली. अठ्ठावीस शेर मोठी मोत्ये, माणके, पाचू व अगणित नाणे त्यातून गेले, असे तत्कालीन युरोपीय वृत्तान्तांच्या आधारे लिहिले जाते. त्याची एकूण मालमत्ता ऐंशी लक्ष रुपयांची मानली जाई.

हा प्रसंग वाचताना आमच्यासारख्या माणसाच्या मनात दोन भाव उठतात, आणि दोन्ही खरे आहेत. मराठी माणूस म्हणून आम्हांस स्वराज्याची गरज व महाराजांचा हेतू कळतो. व्यापारी म्हणून त्या जळत्या वाड्यासमोर उभ्या असलेल्या सत्तरीच्या वृद्धाची अवस्थाही कळते. यांतला एक भाव दडपून दुसरा मिरवावा असे आम्हांस वाटत नाही. दोष द्यावयाचाच तर तो वर्षानुवर्षे जकात गोळा करून संकटाच्या वेळी दार लावून बसलेल्या राज्यव्यवस्थेस द्यावा.

पण वीरजीची कथा येथे संपत नाही, आणि आम्हांस सांगावयाचे आहे ते पुढचेच. १६६६ साली तेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेस आला. त्याची व वीरजीची ओळख झाली. त्या लुटीनंतर दोनच वर्षांनी हा प्रवासी वीरजीची गणना अतिधनाढ्यांत करतो आणि त्याच्या संपत्तीचा आकडा ऐंशी लक्षांच्या घरातला सांगतो. आकडा ऐकीव असेल. परंतु बाजारात त्याचे नाव खाली आले नव्हते एवढे त्यावरून निश्चित होते. असे का व्हावे? कारण त्याचे भांडवल एका वाड्याच्या तळघरात नव्हते. ते बुऱ्हाणपूरच्या आडत्याकडे, आग्र्याच्या पेढीवर, समुद्रावरील गलबतांत आणि ठिकठिकाणच्या येण्यांत पसरलेले होते. मोती खणून नेता येतात. परगावची येणी खणून नेता येत नाहीत. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, आणि त्या सुमारापासून इंग्रजांच्या कागदांतून वीरजीचे नाव मावळते.

ज्याच्या घराला हात लागला नाही

याच लुटीत एका व्यापाऱ्याच्या घराला मात्र धक्का लागला नाही. बर्निए या फ्रेंच वैद्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहिले आहे की, महाराजांनी एका कॅपुचिन पाद्र्याच्या मठास अभय दिले, आणि डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही राखले; कारण तो हयात असताना फार दानशूर होता असे त्यांस समजले होते. हा दलाल म्हणजे मोहनदास पारेख असे इतिहासकार सांगतात.

मोहनदासाची माहिती याहून फारशी हाती लागत नाही. पण ही एकच नोंद विचार करण्यासारखी आहे. लुटीच्या धामधुमीत, शहर जळत असताना, हयात नसलेल्या एका माणसाच्या दानाची आठवण सुरतेच्या लोकांना होती. ती त्यांनी परक्या सैन्याच्या कानावर घातली. आणि त्या सैन्याच्या धन्याने ती मानली. दान देणाऱ्याची कीर्ती, ते ध्यानात ठेवणाऱ्या शहराची कृतज्ञता आणि ते मानणाऱ्या राजाचे मोठेपण, अशा तीन गोष्टी या एका वाक्यात आल्या आहेत. आपल्या पाठशाळांतून दानाचे महत्त्व सांगताना पुराणांतील कथा सांगतात, त्या सांगाव्यातच. पण आपल्याच गावचा हा दाखला त्यांच्या जोडीला का नसावा?

भीमजी पारेख

तिसरे नाव भीमजी पारेख याचे. 'पारेख' म्हणजे नाणी व रत्ने पारखणारा; आपला 'पारखी' शब्द त्याच कुळातला. भीमजीचे घराणे इंग्रज कंपनीची दलाली करीत असे. त्याच्या नावावर दोन कामे आहेत आणि दोन्ही व्यापाऱ्याच्या नेहमीच्या चाकोरीबाहेरची आहेत.

पहिले काम १६६९ सालचे. सुरतेच्या काझीने त्या वर्षी वाणी समाजावर धर्मांतराची सक्ती आरंभिली. पारेख घराण्यातील एका तरुणाचेही धर्मांतर करण्यात आले. तेव्हा भीमजी आणखी चौघांना बरोबर घेऊन इंग्रजांचा प्रेसिडेंट जेरल्ड आंजिअर याच्याकडे गेला आणि मुंबईस आश्रय मागितला. आंजिअरला मोगलांचा रोष ओढवून घ्यावयाचा नव्हता. त्याने तूर्त दुसरीकडे जाऊन बादशहाकडे दाद मागण्याचा सल्ला दिला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे ८,००० वाणी पुरुष घरदार सोडून भडोचेस निघून गेले. मागे राहिलेल्यांनी महाजनाच्या आज्ञेवाचून एकही दुकान उघडावयाचे नाही असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. टांकसाळ व जकातघर ओस पडले, शहरात अन्नधान्य मिळेना, आणि व्यापारासाठी तर राहोच, घरखर्चासाठीही रोकड मिळेना. इंग्रजांची पत्रेच हे सारे सांगतात. अखेर बादशहाकडून अभयाचे आश्वासन आले, आणि डिसेंबरात मंडळी सुरतेस परतली.

या तीन महिन्यांत शस्त्र कोणी उचलले नाही, कोणाचे रक्त सांडले नाही. वैष्णव आणि जैन असा भेद ठेवून हे काम होण्यासारखे नव्हते. महाजन म्हणून सर्व वाणी एक झाले म्हणूनच ते झाले. व्यापारी संघटना कशासाठी असते, असा प्रश्न आजचे तरुण सभासद कधीकधी वर्गणी देताना विचारतात. त्याचे उत्तर १६६९ च्या सुरतेत दिले गेले आहे.

दुसरे काम आणखी नवलाचे आहे. १६७० च्या सुमारास भीमजीने कंपनीकडे विनंती केली की, मुद्रणकला जाणणारा एक कारागीर विलायतेहून मुंबईस पाठवावा. आपल्या ब्राह्मणी विद्येचे प्राचीन ग्रंथ छापून काढण्याची आपली इच्छा आहे. कंपनीने हेन्‍री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला ५० पौंड पगारावर धाडला. तो १६७४ साली छपाईचे यंत्र व कागद घेऊन मुंबईस उतरला. पण तो केवळ मुद्रक होता. देशी अक्षरांचे खिळे ओतण्याची कला त्याला अवगत नव्हती. तेव्हा भीमजीने स्वतःच्या खर्चाने आपली माणसे लावून देशी अक्षरांचे खिळे तयार करविले. त्यांनी छापलेले काही कागद सुरतेच्या इंग्रजांनी पाहिले, आणि ते फार चांगले उठले आहेत असे लंडनला कळविले. पण खर्च अतोनात होता, अनुभवी खिळेकार मिळत नव्हता, आणि तो उद्योग पुढे बंद पडला.

येथे थोडे थांबून वर्षांचा हिशेब पाहावा. कॅरेचे मराठी व्याकरण नागरी खिळे वापरून बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांचा गुजराती छापखाना १८१२ साली निघाला. म्हणजे यांच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी सुरतेच्या एका दलालाच्या मनात आपले ग्रंथ आपल्या लिपीत छापावे असा विचार आला होता आणि त्याने त्यासाठी स्वतःची थैली सोडली होती. त्याचे काम शेवटास गेले असते तर आपल्या देशातील विद्येचा इतिहास काही निराळाच झाला असता. मुंबईच्या मुद्रणाची कथा सांगताना या मनुष्याचे नाव आरंभी आले पाहिजे.

विसर का पडला?

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, वर दिलेली जवळजवळ सर्व माहिती परक्यांच्या कागदांतली आहे. कर्ज दिले वीरजीने, आणि त्याची नोंद मिळते ऋणकोच्या पत्रांत. दान केले मोहनदासाने, आणि ते सांगतो फ्रेंच वैद्य. दुकाने बंद ठेवली आपल्या महाजनाने, आणि त्याची हकीकत जाते लंडनला. सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य कबर आजही उभी आहे. १६६४ मध्ये तो सुरतेच्या इंग्रजांचा प्रमुख होता आणि १६६९ मध्ये वारला. ऋणकोंच्या प्रमुखाचे स्मारक आपण शाळेच्या सहलीत मुलांना दाखवितो; धनकोचे दाखवावयास काही नाही. आपल्यात देह अग्नीला देण्याची रीत आहे, ती योग्यच आहे. पण मग व्यापाऱ्याचे स्मारक उरणार कोठे? ते त्याच्या वहीतच उरणार.

आणि वही आपण राखली नाही. ही गोष्ट जैन समाजाच्या बाबतीत अधिकच खटकते. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत आपल्या पूर्वजांनी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या ताडपत्री पोथ्या वाळवी, दमट हवा आणि परचक्रे यांतून वाचवून ठेवल्या आहेत. पोथी कशी राखावी हे या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे? परंतु जे हात पोथीला रेशमी बासनात बांधीत तेच हात जुनी वही रद्दीत टाकीत. शास्त्राला ज्ञान मानले, हिशेबाला मानले नाही.

वीरजीचाच समकालीन असा एक जैन व्यापारी उत्तरेत होऊन गेला. त्याचे नाव बनारसीदास. त्याचा जन्म १५८६ चा, जौनपूरचा. व्यापारात तो वारंवार तोट्यात आला. वीरजीपुढे त्याची आर्थिक गणना ती काय! परंतु १६४१ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याने 'अर्धकथानक' नावाने आपले आयुष्य स्वतःच लिहून काढले, नफा-तोटा, प्रवास, भीती, फजिती सगळे त्यात घातले. आज विद्वान त्याचे ग्रंथ अभ्यासतात. लक्षावधी रुपये मिळविणारा वीरजी 'बहरजी बोहरा' होऊन बसला, आणि वारंवार तोटा खाणारा बनारसीदास आपल्या खऱ्या नावाने जिवंत राहिला. फरक एवढाच की एकाने स्वतः लिहिले.

आपण काय करावे

आज पेढ्यांवर संगणक आले आहेत. लाल कापडाच्या वह्या पूजेपुरत्या उरल्या आहेत आणि पूजेसाठीही काही ठिकाणी यंत्रालाच कुंकू लावतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. धंद्याने काळाबरोबर चालले पाहिजे. परंतु याच काळात वाडवडिलांच्या वह्यांचे गठ्ठे माळ्यावरून उतरून रद्दीच्या गाडीत जात आहेत. कायद्याने ठेवावयास लावलेली वर्षे संपली की आपण त्यांना ओझे समजतो. त्या वह्यांत कोणत्या साली खानदेशची ज्वारी कोणत्या भावाने आली, कोणत्या दुष्काळात कोणाचे येणे सोडून दिले, पांजरापोळाला व पाठशाळेला किती दिले, कोणते गाव कोणत्या गावाशी व्यवहार करीत होते, हे सारे लिहिलेले असते. पुढे कोणी इतिहासकार आला तर त्याला याहून अस्सल कागद मिळणार नाही.

तेव्हा आमची सूचना अगदी लहान व बिनखर्चाची आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला आपण लाभपंचमी म्हणून पेढी उघडतो. तीच तिथी आपल्या धर्मात ज्ञानपंचमी आहे. त्या दिवशी भांडारातील पोथ्या बाहेर काढून पुसून पुन्हा बांधून ठेवतात. लाभ आणि ज्ञान यांची तिथी एकच ठेवणाऱ्यांनी काही विचार केला असेलच. त्या दिवशी प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील जुन्या वह्या, हुंड्या, पत्रे बाहेर काढावीत, झटकावीत, संवत् व पेढीचे नाव यांची एक यादी करावी आणि ती आपल्या संघटनेकडे द्यावी. मोडी किंवा वाणियाशाई अक्षर वाचता येणारे जे वृद्ध आपल्यात अद्याप आहेत त्यांच्यापाशी नातवंडांना बसवावे. घरात जागा नसेल त्यांच्या वह्या ठेवण्यास एक कोरडे कपाट संघटनेने द्यावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

वीरजी, मोहनदास आणि भीमजी यांच्या वह्या आता आपल्याला परत मिळावयाच्या नाहीत. आपल्या आजोबांच्या मात्र अजून माळ्यावर आहेत. त्या पुढील दिवाळीच्या साफसफाईत जाऊ नयेत एवढीच सर्व व्यापारी बंधूंना नम्र विनंती. इति शुभम्.